कोरी काच

पक्ष्याचं रक्त पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा नमुना बिघडलाय असं समजून मी ती काच बाजूला ठेवून दिली होती. तीस वर्षं माणसांच्या रक्ताच्या काचा बघण्यात गेलेली. खाडीकाठच्या गावातली छोटी पॅथॉलॉजी लॅब, आणि पावसाळा लागला की बाकड्यावर थंडीतापाच्या पेशंटांची रांग. माणसाची तांबडी पेशी गोल, मध्ये फिकट, आणि तिला केंद्रक नसतं. तिच्यात जांभळं काही दिसलं की ते परकं, हा हिशेब डोळ्यांत पक्का बसलेला. इथे तर झाडून सगळ्या पेशींत जांभळा ठिपका! पेशीही गोल नव्हत्या. लांबट, काकडीच्या बियांसारख्या. पक्ष्याच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं हे कॉलेजात पाठ केलं होतं, पण परीक्षेनंतर त्याची गाठच पडली नव्हती.

काच आणणारी मुलगी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या एका गटाबरोबर ती मिठागरांवर जायची. रीतसर परवानगी काढून पक्षी जाळ्यात धरायचे, मोजमापं घ्यायची, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर ओढायचा आणि पक्षी सोडून द्यायचा. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "काका, ते केंद्रकच आहे. परजीवी असला तर तो केंद्रकाला वळसा घालून बसलेला दिसेल." मग तिने डबाभर काचा माझ्या टेबलावर ठेवल्या. टिलवे, चिखल्या, एक-दोन तुतारी. पुढचे दोन महिने रात्री जेवण झालं की मी तो डबा उघडायचो. एकाही काचेवर काही निघालं नाही.

डबा परत करताना मला अपराध्यासारखं वाटत होतं. मुलगी मात्र खूश! "हेच तर बघायचं होतं," म्हणाली. खाऱ्या पाण्याकाठच्या पक्ष्यांचं रक्त इतकं कोरं का, हा प्रश्न जगातल्या काही मोठ्या पक्षिशास्त्रज्ञांना अडवून बसला आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. माझ्या डब्यातल्या मूठभर काचांनी काहीच सिद्ध होत नाही. पण त्या निमित्ताने जे वाचलं, ज्यांच्याशी बोललो, त्याची ही पुस्तिका झाली. किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन जाणारे, पक्ष्यांना कडी घालणारे आणि माझ्यासारखे काचेवर डोळे शिणवणारे अशा तिघांसाठी ती आहे. तिघांचं एकमेकांशी फारसं बोलणं होत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

आधी या परजीवींची ओळख करून देतो. पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या एकपेशीय जीवांमध्ये तीन घराणी महत्त्वाची. पहिलं प्लास्मोडियम, म्हणजे आपल्या हिवतापाच्या जंतूचे पक्ष्यांतले भाऊबंद. हे डासांमार्फत पसरतात. दुसरं हिमोप्रोटियस. याची ने-आण बहुतेक वेळा चिलटं करतात, कबुतरांसारख्या काही पक्ष्यांत पिसांमधून सरपटणाऱ्या चपट्या माश्या करतात. तिसरं ल्युकोसायटोझून, ते वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्यांवर अवलंबून. काचेवर तिघांची चाल वेगळी दिसते. हिमोप्रोटियस केंद्रकाला धक्का न लावता त्याच्याभोवती डंबेलसारखा वळतो आणि त्याच्या अंगात सोनेरी-तपकिरी कण चमकतात; पेशीतलं हिमोग्लोबिन पचवून उरलेला तो गाळ. प्लास्मोडियम रक्तातच फुटून वाढतो, त्यामुळे एकाच काचेवर त्याची पोरंटोरं आणि म्हातारे सगळे सापडतात. ल्युकोसायटोझून पेशीला इतकी ताणतो की मूळ पेशी ओळखू येत नाही. तपकिरी कण त्याच्यात नसतात. यांखेरीज ट्रिपॅनोसोम आहेत, सूक्ष्म जंतांची पिल्लं आहेत, पण त्यांच्यावर इथे रेंगाळत नाही. यांतला कोणताही पक्षी-हिवताप माणसाला होत नाही, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कोणी फ्लेमिंगो बघायला जाताना नाकाला रुमाल बांधेल.

माणसाच्या हिवतापाचं कोडं सुटलं ते पक्ष्यांच्या रक्तामुळे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या देशात घडला. लाव्हरानने 1880 साली अल्जीरियात माणसाच्या रक्तात परजीवी पाहिला. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? रोनाल्ड रॉसला ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याची वाढ दिसली आणि पुढचं काम सुरू व्हायच्या आत त्याची बदली झाली. 1898 साली तो कलकत्त्याला पोचला तेव्हा शहरात प्लेगची आणि टोचणीची दहशत होती. बोटाला सुई लावायची म्हटलं की लोक पळून जात. मग रॉसने चिमण्या आणि चंडोल पिंजऱ्यात ठेवले. महंमद बक्ष नावाचा त्याचा मदतनीस पक्षी आणि डास सांभाळी. आजारी पक्ष्यांना चावलेले डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, आणि त्या चिमण्यांच्या रक्तात परजीवी उतरले. जुलै 1898 मध्ये चक्र पूर्ण झालं. 1902 चं नोबेल माणसाच्या हिवतापासाठी मिळालं असं आपण म्हणतो, पण पुरावा चिमणीचा होता.

रॉसच्या या चिमण्यांच्या प्रयोगाच्या एक वर्ष आधी विल्यम मॅकॅलम नावाचा जॉन्स हॉपकिन्सचा विद्यार्थी कावळ्याचं ताजं रक्त काचेवर घेऊन बसला होता. अंगाबाहेर आलेलं रक्त थंड होऊ लागलं की परजीवीला वाटतं, आपण डासाच्या पोटात पोचलो. नर पेशीतून चाबकासारखे धागे सुटतात. हे धागे आधी अनेकांनी पाहिले होते, पण मरताना होणारी तडफड समजून सोडून दिले होते. मॅकॅलमला त्यातला एक धागा शेजारच्या मादी पेशीत शिरताना दिसला. ते मीलन होतं. ताजा थेंब, उबदार खोली आणि थोडी चिकाटी असेल तर हा प्रकार आजही कोणालाही बघता येतो. मी कबुतराच्या रक्तात पाहिला, तेव्हा घड्याळात सव्वाबारा वाजले होते आणि घरात सांगायला कोणी जागं नव्हतं.

आणि गोवा! पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवणारे फ्रोइलानो द मेल्लो हे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलं असेल? बाणावलीचा हा माणूस 1910 च्या दशकापासून गोव्यातल्या पक्ष्यांचं रक्त तपासत होता. भारद्वाज, खाटीक, चमच्या यांच्या रक्तातल्या हिमोप्रोटियसच्या जातींना त्यांनी दिलेली नावं आजही चालतात. पुढे ते पोर्तुगालच्या संसदेत गेले आणि अखेरची वर्षं ब्राझीलमध्ये राहिले. परजीवींच्या जगभरच्या यादीत 'द मेल्लो, 1935' असं बारीक अक्षरात येतं. ते दिसलं की मला मांडवीच्या काठी बसलेला, हातात काच घेतलेला माणूस दिसतो. त्यांच्यावर मराठीत किंवा कोकणीत एक चांगलं चरित्र व्हायला हवं, हे जाता जाता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. रॉसची चिमणी, मॅकॅलमचा कावळा, द मेल्लोंचा खाटीक या सगळ्यांच्या रक्तात परजीवी होते. मग समुद्रकाठच्या टिलव्यात का नसावेत?

1997 साली 'ओइकोस' या नियतकालिकात नेदरलंड्सच्या तेउनिस पिर्स्मा यांनी एक धाडसी कल्पना मांडली. त्यांचा आवडता पक्षी रेड नॉट. याला रुळलेलं मराठी नाव नाही, कारण आपल्याकडे तो क्वचितच येतो. हा पक्षी घरटं करतो उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या टुंड्रात आणि थंडी काढतो समुद्राच्या चिखलावर, उदाहरणार्थ पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या बांक दार्गँ किनाऱ्यावर. मध्ये हजारो किलोमीटरचं उड्डाण. याउलट रफ किंवा ठिपकेवाली तुतारी तुलनेने दक्षिणेकडे, दलदलीत अंडी घालतात आणि हिवाळ्यात गोड्या पाण्याच्या तळ्यांवर उतरतात. पिर्स्मांच्या लक्षात आलं की हा जोड योगायोगाचा नसावा. टुंड्राची थंडी आणि समुद्राचं मीठ या दोन्ही ठिकाणी रोग पसरवणारे किडे कमी. काही जातींनी आयुष्याची दोन्ही टोकं अशा 'स्वच्छ' जागी बांधून घेतली असतील, तर त्यांना रोगप्रतिकारावर फारसा खर्च करावा लागत नसेल. वाचलेली ताकद पिल्लांच्या झपाट्याच्या वाढीला, लांबच्या उड्डाणाला. पण एकदा ही वाट धरली की गोड्या पाण्याची दारं बंद, कारण तिथल्या रोगांशी झुंजायची तयारीच उरलेली नसणार. म्हणजे नकाशावर एखाद्या पक्ष्याच्या प्रदेशाची जी रेघ आपण अन्नाने आणि हवामानाने आखलेली मानतो, ती निदान काही ठिकाणी डासाने आखलेली असू शकते.

ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग शंका सुरू झाल्या.

समुद्र फुकट थोडाच आहे! खारं पाणी पिणाऱ्या या पक्ष्यांच्या डोळ्यांवर कवटीत मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. गाळलेलं खारट पाणी नाकपुडीतून ओघळून चोचीच्या टोकाशी येतं. टिलवा हातात धरला की कधीकधी तिथे एक थेंब लोंबकळताना दिसतो. पक्षी मान झटकतो आणि तो थेंब आपल्या चष्म्यावर. या गाळण्याला इंधन लागतं. स्पेनमधल्या संशोधकांनी डनलिन या पक्ष्याला कमीजास्त खारट पाण्यावर ठेवून पाहिलं, तर विश्रांतीतला चयापचय सुमारे 17 टक्क्यांनी चढला. म्हणजे परजीवींपासून सुटका हवी तर त्याची किंमत मिठाच्या रूपात मोजायची.

दुसरी शंका आपल्या किनाऱ्यावरची. खारं पाणी म्हणजे डास नाहीत, असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी एकदा कांदळवनात उभं राहावं. क्युलेक्स सिटिएन्ससारखे डास मचूळ पाण्यातही वाढतात. चिलटं तर खाजणाच्या चिखलातच जन्मतात. जाळी लावताना ती केसांच्या मुळाशी आणि कानामागे चावतात आणि दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलेलं असतं. मग हिमोप्रोटियस इथे का नको? एक उत्तर असं की हे पक्षी तिवरांच्या झाडीत शिरतच नाहीत. ते उघड्या चिखलावर, वाऱ्यात, पाण्याच्या कडेकडेने असतात, आणि वाऱ्यात चिलट टिकत नाही. हे उत्तर मला पटतं. पण सगळीकडे लागू पडेल याची खात्री नाही.

पिर्स्मांच्या कल्पनेची परीक्षा अनेकांनी घेतली. स्पेनमधल्या जॉर्दी फिगेरोला यांनी 1999 मध्ये पाणपक्ष्यांवरच्या जुन्या नोंदी चाळून दाखवलं की खाऱ्या पाण्यावर राहणाऱ्यांत रक्तपरजीवींचं प्रमाण कमी. 2005 मध्ये लुइसा मेंदिस आणि पिर्स्मांसह इतरांनी युरोप आणि पश्चिम आफ्रिकेतले किनारपक्षी तपासले. हिवतापाचे परजीवी निघाले ते प्रामुख्याने उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्यावरच्या पक्ष्यांत. अर्जेंटिनातल्या किनाऱ्यावर थांबणाऱ्या रेड नॉटचं रक्तही कोरंच निघालं. आणि मग 2010 मध्ये एका मोकळ्या रेड नॉटच्या रक्तात प्लास्मोडियम रिलिक्टम सापडल्याचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच 'दुर्मिळ' हा शब्द होता. एका पक्ष्यात एक परजीवी निघाला म्हणून लेख छापावा लागतो, यातच या विषयाची सगळी गंमत आहे. चिमणीत तोच परजीवी सापडला तर कोणी वहीतही टिपणार नाही.

कोऱ्या काचेवर विश्वास किती ठेवायचा, हा माझ्या धंद्यातला प्रश्न. माणसाच्या बाबतीत 'परजीवी आढळले नाहीत' असं लिहिताना मी नेहमी थोडा अडखळायचो. पक्ष्यांत तर अडखळायला आणखी कारणं आहेत. लागण झाल्यावर पहिले काही दिवस रक्तात परजीवींची गर्दी असते. त्या दिवसांत पक्षी झुडपात किंवा बांधाच्या आडोशाला मान खाली घालून बसलेला असतो. तो जाळ्यात येणार कसा? जाळ्यात येतात ते धडधाकट, किंवा जे त्यातून वाचलेत आणि ज्यांच्या रक्तात हजारो पेशींमागे एखादाच परजीवी उरलाय. अशा पक्ष्याची काच शंभर क्षेत्रं पाहूनही कोरी वाटू शकते. म्हणून आता थेंबाचा अर्धा भाग काचेवर आणि अर्धा डीएनए तपासणीसाठी ठेवतात. 2004 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात या तपासणीची सोपी पद्धत बसवली गेली, आणि तिथल्याच 'मालएव्ही' या माहितीसंग्रहात आता जगभरच्या परजीवींची वंशावळ जमा होते. पण डीएनएचीही एक खोड आहे. डासाने चुकीच्या पक्ष्यात सोडलेले, तिथे वाढूच न शकणारे परजीवीही त्यात 'आहे' म्हणून दिसतात. डीएनए सांगते, कोणीतरी दारापर्यंत आला होता. घरात राहायला आला का, हे कळायला काचच लागते. म्हाताऱ्या तंत्रज्ञांच्या नोकऱ्या अशा वाचतात.

हलकी, जुनी लागण म्हणजे निरुपद्रवी, असंही धरून चालू नये. स्वीडनमधल्या मोठ्या बोरू वटवट्यांचा अनेक वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास 2015 साली 'सायन्स'मध्ये आला. वरून ठणठणीत दिसणाऱ्या, पण जुना हिवताप अंगात बाळगणाऱ्या पक्ष्यांचं आयुष्य कमी भरलं आणि त्यांची पिल्लंही कमी. वटवट्याचं हे, तर सैबेरियाहून येणाऱ्या पंचवीस ग्रॅमच्या टिलव्याला तेवढी तूटही परवडेल का?

आपल्या देशात या कामाचा मागोवा घेताना एक विचित्र प्रकरण आडवं येतं. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळ क्यासनूर जंगलाचा रोग उघडकीला आला. 2016 नंतर दोडामार्गात ज्याला आपण माकडताप म्हणून ओळखू लागलो तोच. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूचा जवळचा नातलग निघाला, तेव्हा साहजिकच संशय गेला सैबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांच्या गोचिडांवर. त्या संशयाच्या बळावर सलीम अलींना पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घातली. पक्षी धरायला बिहारचे मीरशिकारी होते. बांबू, फासे आणि अंधारातले कान यांवर चालणारी त्यांची कला कोणत्याही परदेशी जाळ्याला भारी होती. 1963 पासून अमेरिकी लष्कराच्या पैशावर इलियट मॅक्ल्यूर यांचं आशियाभरचं सर्वेक्षण सुरू झालं, त्यातही सोसायटी सहभागी होती. पुढे दिल्लीत ओरड झाली की पक्ष्यांमार्फत रोग पेरण्याची ही तयारी आहे, आणि संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं. पक्ष्यांवरचा आळ शेवटी सिद्ध झालाच नाही. उरलं ते 1978 मध्ये छापलेलं एक जाडजूड पुस्तक: पूर्व आणि दक्षिण आशियातल्या पन्नास हजारांहून अधिक पक्ष्यांच्या रक्तपरजीवींचा हिशेब. लष्कराला त्याचा काय उपयोग झाला कोण जाणे. माझ्या टेबलावर त्याची झेरॉक्स आहे, आणि तिला चहाचे डाग पडलेत.

महाराष्ट्राला निसर्गाने एक तयार प्रयोगशाळा दिली आहे, हे मला नकाशा समोर ठेवल्यावर कळलं. हिवाळ्यात छोटा टिलवा शिवडीच्या चिखलावर आणि उरणच्या मिठागरांवर असतो, आणि तोच उजनीच्या काठावर भिगवणला आणि नांदूरमध्यमेश्वरलाही असतो. एकच जात, एकच हंगाम, मध्ये सह्याद्री. एकीकडे भरती-ओहोटी, दुसरीकडे धरणाचं गोडं पाणी आणि उसाच्या शेतांमधले डास. दोन्हीकडच्या पक्ष्यांचं रक्त एकाच पद्धतीने, सलग काही हिवाळे तपासलं तर पिर्स्मांच्या प्रश्नाला आपल्या मातीतून काहीतरी सांगता येईल. त्यात एक मेख आहे. टिलव्याच्या रक्तात परजीवी निघाला तर तो भिगवणचा, वाटेतल्या कुठल्या तळ्यातला, की मागच्या हिवाळ्यातला हे काच सांगत नाही. त्यासाठी पहिल्यांदाच आलेली, याच वर्षी जन्मलेली पिल्लं वेगळी तपासावी लागतील. आणि तुलनेला कायम इथेच राहणारी टिटवी व शेकाट्या हवेतच. ते इथलेच डास सोसतात.

खाडीही आता पूर्वीसारखी खारी राहिलेली नाही. शहराच्या सांडपाण्याने कडेकडेला गोड्या, घाण पाण्याची डबकी साचतात आणि त्यांत क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा आपला घरगुती डास मजेत वाढतो. हाच डास 1826 च्या सुमाराला एका जहाजातल्या पाण्याच्या पिंपांतून हवाईला पोचला. पुढे पक्षी-हिवतापही तिथे पोचला आणि त्या बेटांवरचे, या रोगाशी कधीच गाठ न पडलेले रंगीबेरंगी पक्षी एकामागून एक संपले. उत्तरेकडची सीमाही सरकते आहे. अलास्कात जन्मलेल्या, अजून कुठेही न गेलेल्या पक्ष्यांत प्लास्मोडियम आढळल्याचं 2012 मध्ये छापून आलं, म्हणजे लागण तिथेच झालेली. रेड नॉटने निवडलेल्या दोन 'स्वच्छ' टोकांपैकी एक तरी किती दिवस स्वच्छ राहील, हे पुढच्या पिढीला मोजायला लागणार.

पुस्तिकेच्या रचनेबद्दल थोडं. पहिल्या भागात परजीवींची ओळख चित्रांसह आहे. चित्रं मी स्वतः काढली आहेत, ती सुंदर नाहीत पण खोटी नाहीत. दुसरा भाग पक्षी हाताळण्याचा. रक्त किती घ्यावं याची मर्यादा तिथे ठळक छापली आहे: वजनाच्या एक टक्क्याहून जास्त कधीच नाही, आणि काचेला तर एक थेंब पुरतो. तिसरा भाग काचेचा.

त्या भागातली एक गोष्ट आधीच कबूल करतो. डबा परत केल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी त्या मुलीला रात्री अकराला फोन केला होता. चिखल्याच्या एका काचेवर पेशीपेशींत जांभळे कण, अगदी भरगच्च. ती सकाळी पहिल्या एसटीने आली. डोळा लावला, फोकस वरखाली केला आणि म्हणाली, "काका, हे पेशीच्या आत नाहीत, वर बसलेत." रंग गाळला नव्हता, आणि बफर संपला म्हणून मी नळाचं पाणी वापरलं होतं. चिखल्याच्या रक्तात काहीच नव्हतं. जे होतं ते रंगाचा गाळ आणि आमच्या नगरपरिषदेचं क्लोरीन. म्हणून तिसऱ्या भागात काच रंगवायच्या गीम्सा रंगाच्या कृतीतली दुसरी ओळ ठळक अक्षरात घेतली आहे. बफर 7.2 चाच घ्या, रंग वापरण्याआधी गाळा, आणि रात्री अकरानंतर कोणालाही फोन करू नका.